बुधवारचं विमान आणि मारोतराव

"मोठे डॉक्टर आले काय?" असं कोणी विचारलं की मारोतराव म्हणायचे, "आले बी अन् नाही बी."

विचारणारा असायचा पहाटेच्या एस्टीनं आलेला, डोळ्यावर ओला फडका धरलेला. तो बिचारा तसाच उभा राहायचा. मग मारोतराव सावकाश खुलासा करायचे, की डॉक्टरांची गाडी फाटकात शिरली आहे, पण डॉक्टर गाडीतून उतरलेले नाहीत, तेव्हा याला आले म्हणायचं की नाही ते तूच ठरव. हा खुलासा होईपर्यंत डॉक्टर आत येऊन हात धुऊन खुर्चीत बसलेले असत.

मी साताऱ्याकडची. नवऱ्याची रेल्वेतली नोकरी, त्याची बदली नागपूरला झाली म्हणून मी इथे आले आणि धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या खाजगी दवाखान्यात सिस्टर म्हणून लागले. ही सत्तर सालानंतरची गोष्ट. मारोतराव गावंडे तिथे कंपाउंडर होते. पहिले सहा महिने मला वाटायचं, इथली बोली कळत नाही म्हणून मारोतराव कळत नाहीत. पुढे बोली कळायला लागली. 'काहून' म्हणजे का, 'पोट्टी' म्हणजे मुलगी, 'डोया' म्हणजे डोळा, सगळं तोंडात बसलं. मारोतराव काही कळले नाहीत. आज त्यांच्यावर लिहायला बसले आहे तेही कळले म्हणून नव्हे.

उंच, किंचित पुढे वाकलेला माणूस. पांढऱ्या कोटाच्या खिशाभोवती डोळ्यात घालायच्या पिवळ्या औषधाचे डाग, जे परटाच्या बापालाही कधी निघाले नाहीत. डोळ्यात थेंब घालताना ते पेशंटची हनुवटी दोन बोटांनी उचलायचे आणि म्हणायचे, "वरतं पाहाय. तुह्या सासऱ्याकडे पाहतं तसं नाही गा, आभायाकडे पाहाय." पेशंट हसायचा, डोळा उघडायचा, आणि थेंब आत. मी दोन वर्षांचं शिक्षण घेतलेली बाई, पण माझ्या हातून चार थेंब गालावर जायचे तिथे त्यांचा एकही जायचा नाही.

दवाखान्याच्या दारात त्यांनी संत्र्याला बंदी घातली होती. साऱ्या विदर्भातून येणारा प्रत्येक नातेवाईक पेशंटसाठी संत्री आणणार, आणि साल सोलताना त्याचा बारीक फवारा उडतो तो ऑपरेशन झालेल्या डोळ्यात गेला तर कोण निस्तरणार? कारण अगदी बरोबर होतं. पण जप्त केलेली संत्री परत देत नसत, हे काही बरोबर नव्हतं. ती एका टोपलीत जमायची आणि संध्याकाळी मारोतरावांच्या सायकलला लागून कुठे तरी जायची. एकदा मी सरळ म्हटलं, "मारोतराव, ही चोरी झाली."

"चोरी त आहेच," ते म्हणाले. "पण पाप नाही."

संत्री कुठे जातात ते मला पुढे समजलं. ती विमान कंपनीच्या बुकिंग ऑफिसातल्या बाबूंकडे जायची.

आता इथे विमान कुठून आलं ते सांगायला हवं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पडदा असतो. तो काही वेळा जागचा सुटतो, भिंतीचा ओला पोपडा सुटावा तसा. वेळेत बसवला तर नजर राहते, नाही तर गेली. हे ऑपरेशन करणारे हात त्या काळी मोजके होते, आणि त्यांपैकी एक सर्जन मुंबईहून दर बुधवारच्या सकाळच्या विमानानं आमच्याकडे येत. दिवसभर ऑपरेशनं करत, संध्याकाळच्या विमानानं परत. गुरुवारी सकाळी त्यांची मुंबईत स्वतःची ऑपरेशनं ठरलेली असायची, त्यामुळे रात्रभराचा रेल्वे प्रवास त्यांना चालत नसे. विमान आहे तर सर्जन आहेत, विमान नाही तर सर्जन नाहीत, इतका सरळ हिशेब.

सर्जनना आणायला सोनेगावच्या विमानतळावर मारोतरावच जात. जुने लोक सांगत की एके काळी देशभरातली टपालाची विमानं सोनेगावला जमायची आणि मोठी वर्दळ असायची. आमच्या वेळी बुधवारच्या विमानातून कधी दहा माणसं उतरत, कधी आठ. बाहेर रिक्षावाले उगाच उभं राहायला नको म्हणून फिरकतही नसत. मारोतराव सर्जनची अवजारांची पेटी मोटारीच्या डिकीत ठेवू देत नसत. ती मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी कवटाळून, खड्डा आला की स्वतःच सीटवरून थोडे वर उठून, ते धंतोलीपर्यंत यायचे. सर्जन एकदा वैतागून म्हणाले, "अहो, स्टीलची आहेत, काचेची नाहीत."

"ते तुमाले माईत," मारोतराव म्हणाले. "पेटीले माईत नाही."

एके दिवशी बातमी आली की बुधवारची विमानसेवा बंद करण्याचा विचार चालू आहे, उतारूच मिळत नाहीत. आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे मालक, हळहळले, दोन-चार ओळखीच्यांना फोन केले आणि गप्प बसले. मारोतराव गप्प बसले नाहीत. त्यांनी टोपली सायकलला लावली आणि बुकिंगच्या बाबूंना जाऊन गाठलं. बाबू फक्त एवढंच म्हणाले, "मागणी दिसली पाहिजे, मारोतराव. रजिस्टरात नावं दिसली तर मी वर काही दाखवू शकतो."

आता यातून कोणीही शहाणा माणूस काय घेईल? की व्यापाऱ्यांकडे जावं, कारखानदारांना सांगावं, विमानानं जा बाबांनो. मारोतरावांनी यातून एवढंच घेतलं की नावं पाहिजेत.

थेंब घातलेल्या पेशंटना अर्धा तास डोळे मिटून बाकावर बसवून ठेवावं लागतं. त्या बाकासमोरून मारोतराव शाळेची शंभरपानी वही घेऊन फिरायला लागले. "भाऊ, पैसे नको, काही नको. खाली एक नाव दे. बुधवारच्या विमानाले लावून ठेवतो."

"मले नाही जाच विमानानं," बाकावरचा म्हणायचा.

"मी कुठं म्हनतो जाय म्हनून? एस्टीत जागा धराले खिडकीतून दुपट्टा टाकतो ना आपन? हे बी तसंच. विमान रिकामं नाही, एवढं दिसलं म्हंजे झालं. विमान राह्यलं त डॉक्टर राहीन. डॉक्टर राह्यला त डोया राहीन."

डोळे मिटून बसलेल्या माणसाला हे लगेच पटायचं. गावच्या भंडाऱ्याला नाव द्यावं तशी माणसं नावं द्यायला लागली. तेव्हा विमानात जागा नुसत्या नावावर धरून ठेवत. पैसे मंगळवारी दुपारपर्यंत भरायचे, नाही भरले तर नाव आपोआप उडालं. मारोतराव दर आठवड्याला पुढच्या बुधवारसाठी नवी यादी नेऊन द्यायचे आणि बाबू ती उतरवून घ्यायचे. बाबूंचंही त्यात होतं. सेवा बंद पडली तर त्यांची बदली कुठल्या कुठे होणार होती.

कळमेश्वरला आमचं डोळे तपासणीचं शिबिर झालं, त्या दिवशी तर मारोतरावांची वही फुगली. शेषराव नावाचे एक म्हातारे पाटील होते, त्यांनी अंगठा टेकवायच्या आधी वही डोक्याला लावली. माझंही नाव त्या वहीत होतं. मी हसत दिलं होतं, हेही कबूल करते.

दोनेक आठवडे बरे गेले. मग एका शुक्रवारी सिंधू आली.

सिंधू मेश्राम. वय बावीस, कळमेश्वरच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. वडील दौलतराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला, तिथल्याच कॉलनीत घर. सिंधूचा उजवा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेला होता. त्या आठवड्यात फळ्यावर लिहिता लिहिता डाव्या डोळ्यासमोर खालून काळं पाणी चढल्यासारखं झालं. पडदा सुटला होता. मधला भाग, जिथून आपण वाचतो, तो अजून शाबूत होता. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "हा बुधवार गाठला तर ठीक. पुढच्या बुधवारपर्यंत काही राहणार नाही."

तिला उताणं निजवलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. गाडीत घालून मुंबईला न्यायचं म्हणजे धक्क्यानं होता तोही भाग सुटायचा. ती शांत पडून होती. मी तिला चमच्यानं पेज भरवत होते तेव्हा तिनं विचारलं, "सिस्टर, बाहेर दिवस आहे का?" भर दुपार होती. मी हो म्हणाले आणि चमचा खाली ठेवून जरा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

शनिवारी मुंबईला ट्रंक कॉल लावला. सर्जन यायला तयार होते. फक्त त्यांच्या सेक्रेटरीनं नेहमीची अट सांगितली. परतीची जागा सोमवार संध्याकाळपर्यंत पक्की झाल्याचं कळवा, नाही तर ते निघणार नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी बुकिंग ऑफिसला फोन लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळला. फोनवर हात ठेवून ते ओरडलेच, "मारोतराव! अहो, बुधवारचं विमान भरलं! वर वेटिंग लिस्ट लागलीय!"

मारोतराव ड्रॉपर उकळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. आणि मग मोठ्या डॉक्टरांच्या हातातला फोन हळूहळू खाली आला.

त्यानंतर डॉक्टर जे बोलले ते मी लिहीत नाही. ते सज्जन गृहस्थ होते आणि तसं परत कधी बोलले नाहीत.

सायकलवर डबलसीट बसून मी मारोतरावांबरोबर बुकिंग ऑफिसात गेले. मोठ्या डॉक्टरांनीच मला पाठवलं, कारण मारोतराव तिथे नेमकं काय सांगतील याचा त्यांना भरवसा उरला नव्हता. मला वाटत होतं, एक नाव कापायचं आणि तिथे सर्जनचं लिहायचं, पाच मिनिटांचं काम. बाबूंनी रजिस्टर फिरवून माझ्यापुढे केलं. वरचा एक कापला की वेटिंगमधला पहिला आपोआप वर चढणार. तोही मारोतरावांचाच माणूस. त्याला कापला की पुढचा. सर्जनचा नंबर लागायला वेटिंगवरचे सगळे आधी काढायला हवेत, आणि शिवाय वरचा एक.

"मग काढा सगळे," मी म्हणाले. "नाही तरी मंगळवारी उडणारच आहेत."

"मंगळवारी उडतील ते नियमानं उडतील, बाई. आज ज्याचं नाव त्याची सही लागेल," बाबू म्हणाले. मग आवाज खाली आणून मारोतरावांना म्हणाले, "अन् मंगळवारी सकाळीच आमच्या कंपनीचे मुंबईचे साहेब रजिस्टर पाहाले येऊन राहिले. मी त्यायले कळवून चुकलो की बुधवार फुल्ल आहे. एवढ्या लाल रेघा दिसल्या त यादी खोटी होती हे त्यायले लगेच समजीन. आता तुमी सांगा."

बाहेर येऊन मारोतरावांनी सायकलचं स्टँड काढलं, परत लावलं, परत काढलं. मला तेव्हा वाटलं की हा माणूस विचार करतोय, सिंधू की विमान. आता वाटतं, कदाचित ते नुसतं स्टँड अडकलं होतं. खरं काय, मला सांगता येणार नाही.

या बुधवारच्या यादीत बहुतेक नावं कळमेश्वरचीच होती, म्हणून रविवारी आम्ही तिथे गेलो. तिथे जे झालं ते मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता. ज्यांनी हसत हसत नावं दिली होती त्यांतला एकजणही नाव काढून घ्यायला तयार होईना. शेषराव पाटील ओसरीवर बसले होते. अख्ख्या गावाला सांगून झालं होतं की आपलं नाव विमानात लागलं आहे. पुढच्या आळीतली माणसं ते ऐकायला येऊन गेली होती. जावयालाही पत्र गेलं होतं.

"नाव कापाचं?" ते म्हणाले. "काहून? मी मेलो काय?"

"नाही पाटील, तसं नाही…"

"मंग कसं? रेशन कारडावरचं नाव कवा कापते? मानूस मेल्यावर. मतदान यादीतलं कवा कापते? मेल्यावर. माह्या बुढीचं नाव मीच जाऊन कापून आलो मागच्या साली. आता माहं जितंजागतं नाव तुमी माह्याच हातानं कापाले लावता?"

मागून त्यांची सून म्हणाली, "बाप्पा, असं अभद्र नका बोलू." आणि तिनं आमच्यासमोरचा चहाही जरा जपूनच ठेवला, आम्ही कुठल्या कामाला आलो आहोत ते कळल्यावर. घरोघर हेच. ज्यांना विमानात बसायचं नव्हतं, बसायला पैसे नव्हते, मंगळवारी दुपारी ज्यांची नावं आपोआप जाणारच होती, ते सगळे म्हणत होते, तेव्हा जाईल ते जाईल, आमच्या हातानं नाही.

माझा संताप संताप झाला. मारोतरावांनी एकच गोष्ट सांगायला हवी होती, की तुमच्या गावच्या शाळेतल्या बाईंचा डोळा चाललाय. शेषरावांची नात तिच्याच वर्गात होती. पण त्यांनी ती सांगितली नाही, आणि मी तोंड उघडलं की माझ्याकडे असे पाहायचे की मी गप्प. परतीच्या एस्टीत मी विचारलं, का नाही सांगत?

"पेशंटचं नाव घेऊन मांगतलं म्हंजे भीक झाली, पोरी," ते म्हणाले. "उद्या ती शायेत परत गेली त सारं गाव म्हनीन, ह्या बाईले आमी डोया देल्ला. जलमभर आयकवतीन तिले."

"आणि डोळाच गेला तर?"

यावर त्यांनी वही उघडून नावं पहिल्यापासून मोजायला घेतली. इतरांची नावं वहीत घेताना ज्या माणसाला काही वाटलं नाही, तो या एका नावापाशी असा अडून बसला. हे त्यांचं मोठेपण होतं की निव्वळ अडेलपणा, मी तेव्हाही ठरवू शकले नाही.

मी मात्र ठरवलं. दवाखान्यात येताच दौलतरावांना व्हरांड्यात बोलावून सगळं सांगितलं. वहीपासून शेषरावांपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकलं, आत जाऊन सिंधूच्या पायाला हात लावला, आणि निघून गेले.

सोमवारी सकाळी मारोतराव आणि मी बुकिंग ऑफिसात उभे. पहिली सही मारोतरावांनी स्वतःच्या नावापुढे केली, दुसरी मी केली. मग दवाखान्यातले, शेजारचे, असे पाच-सहा. पुढे काही सरेना. अकरा वाजून गेले असतील. दारात गलका झाला आणि कळमेश्वरची माणसं आत आली. शेषराव पाटील पुढे, मागे तीसेक जण, आणि बाजूला दौलतराव मेश्राम. ऑफिसात चार खुर्च्या. बाबू घाबरून उभेच राहिले.

शेषरावांनी मारोतरावांना गाठलं. "काहून गा, काल काहून नाही सांगतलं? आमच्या बाईचा डोया आहे म्हनून?"

मारोतरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

बाबूंनी शाईचं पॅड पुढे केलं. शेषरावांनी अंगठा शाईत बुडवला, रजिस्टरापर्यंत नेला, आणि हात तिथेच थांबला. यायला ते आले होते, पण अंगठा टेकववत नव्हता. मागची माणसं त्यांच्याकडे पाहत होती. पाटलांनी टेकवला असता तर सगळ्यांनी टेकवला असता.

तेव्हा दौलतराव पुढे झाले. हळू आवाजाचा माणूस, पण तेवढ्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. "पाटील, छप्पन साली दीक्षाभूमीवर मी अन् माह्या बापानं जे काय जुनं होतं ते सारं आपल्या हातानं कापून टाकलं. देव, धरम, समदं. लोक म्हनत, आता हे मरतीन. मेलो काय? मले विचाराल त तवापासूनच जगून राहिलो."

शेषरावांनी अंगठा असा दाबला की खालच्या पानावरही उठला.

एकेक जण पुढे येत गेला. बाबू लाल रेघ मारत गेले. माझे डोळे भरून आले होते, आणि आनंदानं मी मारोतरावांकडे वळले, तर ते आमच्याकडे पाठ करून भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होते. प्रत्येक रेघेला टाकाचा आवाज आला की त्यांचा खांदा किंचित हलायचा. त्यांनी महिनाभर एकेक नाव जमवून भरलेलं रजिस्टर लाल होत होतं. शेवटी सर्जनचं नाव लिहिलं गेलं. बाबूंनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, "उद्या साहेबाले मी काय दाखवू?"

"जे आहे ते," मारोतराव म्हणाले.

बुधवारी सर्जन आले. सिंधूचं ऑपरेशन तीन तास चाललं. दहा दिवसांनी पट्टी काढली. दौलतरावांच्या शर्टाची बटणं तिनं मोजून दाखवली, आणि चौथं वेगळ्या रंगाचं आहे हेही सांगितलं. नजर पूर्वीइतकी आली नाही, पण पुस्तक वाचण्यापुरती आली. ती शाळेत परत गेली. तिला गावानं काही ऐकवलं की नाही, मला माहीत नाही.

त्या बुधवारीच मुंबईला पोचल्यावर सर्जननी फोन केला होता. "तुमच्याकडे भरलेलं विमान म्हणजे असं असतं का?" त्यांनी विचारलं. विमानात ते आणि आणखी सहा माणसं होती. पुढच्या महिन्यात बुधवारची सेवा बंद झाली.

बाबूंची बदली झाली. जायच्या आधी ते दवाखान्यात निरोप घ्यायला आले, तेव्हा मी त्यांना विचारलं, ती नावं राहिली असती तर विमान राहिलं असतं का? ते म्हणाले, नाही, साहेबांना सगळं माहीतच होतं, वर फक्त विकली गेलेली तिकिटं मोजतात. चहा झाला. पायरी उतरताना ते वळून म्हणाले, अजून एक महिना यादी चालली असती तर कदाचित टिकलंही असतं. यातलं कुठलं खरं धरायचं?

मारोतरावांना मी एकदाच विचारलं. आता विमान नाही, सर्जन नाहीत. सिंधूसारखी दुसरी कोणी आली तर काय? एक डोळा वाचवण्यासाठी पुढचे किती घालवले, असं मनात येतं का? हा प्रश्न विचारायला नको होता, पण तो माझ्याच मनात इतके दिवस कुरतडत होता. मला वाटलं, ते 'हो बी अन् नाही बी' असलं काही तरी म्हणतील आणि मी चिडून निघून जाईन. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, काढला, आणि म्हणाले, "मले नाही समजून राहिलं, पोरी. तुले समजलं त सांगजो."

मला अजून समजलेलं नाही.

आमची भुसावळला बदली झाली तेव्हा दवाखाना सोडायला चारच दिवस उरले होते. त्या आठवड्यात दारव्ह्याकडचा एक गवंडी आला. एकच डोळा, आणि त्याचा पडदा सुटलेला. बरोबर म्हातारी आई, दुसरं कोणी नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, रेल्वेनं नेणं म्हणजे जुगार आहे, पण न नेणं म्हणजे हरल्यातच जमा. मारोतरावांनी रजेचा अर्ज लिहिला. डॉक्टरांनी तो न वाचता सही केली.

दुपारच्या उन्हात आम्ही त्याला स्ट्रेचरवरून स्टेशनात आणलं. नवऱ्याच्या ओळखीनं खालचा बर्थ मिळाला होता. मी त्याच्या दोन्ही डोळ्यांवर नवी पट्टी बांधली. गाडीत वाळूच्या पिशव्यांचा उपयोग नव्हता, पहिल्याच वळणाला त्या घसरल्या असत्या. मारोतराव बर्थच्या टोकाला मांडी घालून बसले, गवंड्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही तळहात त्याच्या कानांवर घट्ट लावले. मुंबई उद्या सकाळी यायची होती. "तुम्ही झोपणार कधी?" मी खिडकीतून विचारलं. "पाणी कसं प्याल?"

"म्हातारी पाजीन," ते म्हणाले.

गवंड्याच्या आईनं लगेच पदर खोचून पाण्याचा तांब्या हाताशी घेतला. नंतर मला पत्रातून कळलं, की त्यांनी असे आणखीही पेशंट नेले, काही वाचले, काही नाही. त्या गवंड्याचं काय झालं ते पत्रात नव्हतं.

गाडीनं शिटी दिली आणि हलली. मी हात वर केला. मारोतराव खिडकीतून माझ्याकडेच पाहत होते. पण त्यांचे दोन्ही हात त्या माणसाच्या डोक्याला होते, आणि ते त्यांनी उचलले नाहीत.